मल्चिंगवर रोपं दरवेळी बसतात? पेपरचा रंग बदलण्याआधी हे तपासा

मल्चिंग पेपर म्हणजे बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरायचं प्लास्टिकचं आच्छादन. त्याच्या भोकांत लावलेली रोपं लागवडीनंतर चार-पाच दिवस टवटवीत असतात, मग दुपारी माना टाकायला लागतात. काही बुंध्यातून मोडतात, काही जगतात पण पंधरवडा उलटला तरी नवं पान काढत नाहीत. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरल्या जातात, बुरशीनाशकाची आळवणी होते, म्हणजे औषधाचं पाणी मुळांशी ओतलं जातं, तोवर हवामान बदलतं आणि उरलेली रोपं आपसूक मार्गी लागतात. पुढच्या हंगामात काळ्याऐवजी चंदेरी पेपर येतो. आता रोपं मरत नाहीत, पण वाढ रेंगाळते. त्याच्या पुढच्या वेळी लाल पेपर आणला, तर त्याखाली तण फोफावतं. दर हंगामाला रंग बदलतो आणि तक्रार काही संपत नाही.

या चक्रातून बाहेर पडायचं तर एक गोष्ट पक्की धरावी लागते. पेपरचा रंग दोन दिशांना काम करतो. मातीत किती उष्णता आणि किती उजेड उतरू द्यायचा हे तो खाली ठरवतो, आणि झाडाकडे कोणता प्रकाश परतवायचा हे वर ठरवतो. मुळांची आणि तणाची तक्रार खालच्या बाजूची, मावा-फुलकिड्यांची वरच्या बाजूची. एका बाजूच्या दुखण्यावर दुसऱ्या बाजूचा उपाय केला की तेच दुखणं वेगळ्या रूपात परत येतं. शिवाय कित्येकदा रंगाचा काही संबंधच नसतो: पेपर सैल पडलेला असतो, भोक लहान असतं किंवा पाणी जास्त झालेलं असतं. म्हणून नवा रोल घेण्याआधी जुन्याच बेडवर थोडी तपासणी करा.

मेलेलं रोप काय सांगतं

औषध आणण्याआधी मेलेली आणि मरायला टेकलेली अशी काही रोपं खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका. उपटलं की बारीक मुळं मातीतच तुटून राहतात आणि नेमका पुरावा हातातून जातो. मुळं पाण्यात हलकेच धुऊन पाहा.

खोड पेपरच्या बरोबर पातळीवर तपकिरी, कोरडं आणि दोरीने आवळल्यासारखं दिसतंय आणि खालची मुळी पांढरी आहे, तर तो उष्णतेचा चटका आहे. भर उन्हात काळ्या पेपरचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. कोवळं खोड त्याला टेकलं की तिथली साल करपते. पाणी खोडाच्या आतल्या भागातून वर चढत राहतं, म्हणून रोप काही दिवस हिरवं दिसतं. पण पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं, ती वाट बंद होते आणि मुळं उपाशी पडतात. करपलेल्या जागेच्या वर खोड किंचित फुगतं. मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशी रोप तिथूनच मोडतं आणि दोष वाऱ्यावर जातो.

पेपर सैल असेल तर यात भर पडते. पेपर आणि माती यांच्यामध्ये अडकलेली हवा तापते, तिला बाहेर पडायला वाट लागते, आणि बेडवर वाट एकच असते, रोपाचं भोक. ही गरम हवा दुपारभर रोपाच्या मानेवरून वाहते. पेपर रोपाला टेकलेला नसतानाही पानांच्या कडा करपलेल्या दिसतात त्या यामुळेच. अशा वेळी कितीही आळवणी केली तरी फरक पडत नाही, कारण इथे बुरशीच नाही.

उलट खोड मऊ आणि ओलसर लागतंय, बोटाने दाबल्यावर साल निसटतेय, मुळी तपकिरी झालीय, आणि मेलेली रोपं बेडच्या सखल भागात झुपक्याने आहेत, तर ती मर किंवा मूळकूज. इथे आळवणीला अर्थ आहे, पण तिच्या जोडीला पाणी कमी केलं नाही तर रोग पुन्हा उभा राहतो.

तिसरी खूण अनेकांच्या नजरेतून सुटते. मुळ्यांची फक्त टोकं जळाल्यासारखी तपकिरी, खोड चांगलं, पानांच्या कडा वाळलेल्या. हे खताचं काम आहे. बेडमध्ये अर्धवट कुजलेलं शेणखत किंवा युरिया टाकून लगेच पेपर अंथरला की त्यातून निघणारा अमोनिया उघड्या रानात उडून गेला असता तो पेपरखाली कोंडतो आणि भोकातूनच बाहेर येतो. भोकाशी नाक नेलं तर उग्र वास सरळ कळतो. अशा बेडला एक-दोन पाणी देऊन, भोकं पाडून, आठवडाभर उघडं ठेवल्याशिवाय लागवड करू नये. वास येत असताना लावलेली रोपं वाचवणं फार अवघड असतं.

मातीचं तापमान मोजा, अंदाज नको

मल्चिंगबद्दलचे निम्मे वाद थर्मामीटर नसल्यामुळे होतात. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर पुरतो. मोजायचं कसं: रोपाजवळच्या भोकातून ५ आणि १० सेंटिमीटर खोलीवर, दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे. शेजारच्या उघड्या जमिनीतही त्याच खोलीवर मोजा. तुलना नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

साधारण अपेक्षा अशी असते. काळ्या पेपरखाली दिवसा ५ सेंटिमीटरवर माती उघड्या जमिनीपेक्षा ३ अंशांच्या आसपास गरम असते, १० सेंटिमीटरवर दीड-दोन अंशांनी. पारदर्शक पेपरखाली हाच फरक ५ सेंटिमीटरवर ४ ते ८ आणि १० सेंटिमीटरवर ३ ते ५ अंशांपर्यंत जातो. पांढरा-काळा किंवा चंदेरी-काळा पेपर माती जवळपास उघड्या जमिनीइतकीच ठेवतो, कधी एखाद अंशाने थंड. तपकिरी किंवा निळसर-हिरव्या रंगाचा एक पेपर मिळतो, तो तणाला लागणारा प्रकाश अडवतो पण उष्णता देणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण खाली सोडतो. त्याखालची माती काळ्यापेक्षा गरम आणि पारदर्शकपेक्षा थंड राहते.

काळा पेपर सगळ्यात जास्त तापतो, तरी माती पारदर्शक पेपरखालीच जास्त तापते. याचं कारण समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. काळा पेपर ऊन स्वतः शोषतो आणि मातीला स्पर्शाने उष्णता देतो. मध्ये हवेचा थर आला की हे देणं तुटतं, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. पारदर्शक पेपर ऊन सरळ आत सोडतो, माती स्वतः तापते, आणि पेपरच्या आतल्या बाजूला जमलेले पाण्याचे थेंब मातीतून परत निघणारी उष्णता अडवतात. म्हणजे सैल काळा पेपर दोन्हीकडून तोट्याचा: थंडीत माती हवी तेवढी तापत नाही आणि उन्हाळ्यात तापलेली हवा रोपाला भाजते.

आता तुमच्या पिकाकडे पाहा. टोमॅटोच्या मुळांना २५ ते २७ अंशांच्या आसपासची माती मानवते. ढोबळी मिरची आणि टोमॅटोच्या मुळांजवळ दुपारचं तापमान रोज ३० च्या बरंच वर जात असेल तर वाढ खुंटते, फुलगळ वाढते. खरबूज, कलिंगड, काकडी गरम माती खुशीने घेतात. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली यांना थंडावा हवा. त्यामुळे थंडीच्या अखेरीस लावलेल्या कलिंगडाखाली चंदेरी पेपर टाकून वाढ मंद असल्याची तक्रार करणं किंवा कडक उन्हात मिरचीखाली काळा टाकून रोपं बसल्याची तक्रार करणं, दोन्हीकडे निवड हंगामाऐवजी सवयीने झालेली असते. एकाच शेतात, एकाच पिकाला दोन हंगामांत दोन वेगळे रंग लागू शकतात. माझ्या मते रंगाच्या निवडीत सगळ्यात आधी हाच निकष लावावा. कीड आणि तण त्यानंतर.

पेपर सैल का पडतो

पॉलिथिन उष्णतेने पसरतं आणि थंडीने आखडतं. गार पहाटे अंथरलेला पेपर दुपारी ढिला होऊन फडफडतो. ऐन दुपारच्या उन्हात ताणून अंथरलेला रात्री आखडतो आणि भोकांच्या कडेला फाटतो किंवा कडेची माती सोडतो. ऊन वर आलेलं पण कडक झालेलं नाही अशी वेळ धरावी, ताण हाताने अंथरताना सुरकुती राहणार नाही इतपतच द्यावा.

खरी मेख मात्र बेडमध्ये असते. ढेकळं असलेल्या बेडवर कितीही चांगला पेपर टाकला तरी तो ढेकळांच्या टोकांवर टेकतो आणि मध्ये पोकळ्या राहतात. माती भुसभुशीत करून, वाफशावर (माती ओली पण चिकट नसताना) बेड ओढून, वरून हलका दाब द्यावा. बेड मध्यभागी थोडा उंच आणि कडांना उतरता असला की पेपर आपोआप मातीला चिकटून बसतो, आणि पावसाचं पाणी वर साचत नाही. सपाट किंवा मध्ये खोलगट बेडवर पेपरवर डबकं होतं, ते भोकातून बुंध्याशी उतरतं, आणि नेमकी तीच रोपं आधी कुजतात. कडा १५ सेंटिमीटरभर मातीत गाडल्या पाहिजेत. वाऱ्याच्या पट्ट्यात त्याहून थोड्या जास्त.

पाणी

पेपरवरच्या पिकाला पाणी कमी लागतं हे सगळे जाणतात, पण ते कधी सगळ्यात कमी लागतं याचा विचार फारसा होत नाही. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाडाला पानंच थोडी असतात. उघड्या रानात त्या काळात जे पाणी उडतं ते जवळजवळ सगळं मातीच्या पृष्ठभागावरून उडतं, आणि पेपर नेमकं तेच थांबवतो. म्हणजे बचत सगळ्यात मोठी याच काळात, आणि आपण ठिबक मात्र उघड्या बेडच्या हिशोबाने चालवतो. बेड चिंब राहतो, मुळांना हवा मिळत नाही, खालची पानं पिवळी पडतात. पिवळी पानं पाहून खत दिलं जातं, खतासोबत आणखी पाणी जातं.

याच्या बरोबर उलट प्रकारही त्याच शेतात सापडतो. बेड ओला, पण ड्रिपर भोकापासून लांब, त्यामुळे ट्रेमधून आलेला मुळांचा छोटा गोळा कोरडाच. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा एकदा पूर्ण वाळला की बाजूच्या ओल्या मातीतून पाणी नीट ओढत नाही. रोप सुकतं, आपण पाणी वाढवतो, गोळ्याभोवती चिखल होतो आणि गोळा तसाच. म्हणून पेपरवरून नजर टाकून पाण्याचा निर्णय घेऊ नका. भोकातून बोट किंवा खुरपं आत घाला, गोळा आणि बेड दोन्ही वेगवेगळे तपासा. माती मुठीत दाबल्यावर एकत्र राहते पण पाणी निथळत नाही, इतकी ओल पुरे. लागवडीच्या दिवशी गोळा आधी पाण्यात बुडवून घ्यावा आणि लावल्यावर प्रत्येक रोपाला वरून थोडं पाणी द्यावं. हे कष्टाचं आहे, पण पहिल्या आठवड्यातली रोपांची बरीच मरतूक यानेच टळते.

ठिबकच्या नळीबद्दल एक सांगायला हवं. पारदर्शक पेपरखाली किंवा सैल पेपरखाली थेंब जमतात आणि ते भिंगासारखं ऊन एका बिंदूवर आणतात. पातळ नळीला बारीक भोकं पडलेली दिसली की उंदीर-किड्यांवर संशय जातो. नळी दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली, छिद्रं वर ठेवून घातली तर हा त्रास होत नाही.

तण पेपरखाली कसं उगवतं

तण वाढायला उजेड हवा, त्यामुळे पेपर अपारदर्शक आहे की नाही एवढाच प्रश्न. पेपरचा तुकडा उन्हाकडे धरा आणि मागे बोट हलवा. बोट दिसलं तर तणाला उजेड मिळणार. साधा एकेरी पांढरा पेपर, बरेचसे लाल आणि निळे पेपर या चाचणीत नापास होतात. पांढरा किंवा चंदेरी हवा असेल तर खालची बाजू काळी असलेला दुपदरी घ्या, आणि अंथरताना काळी बाजू खाली जाईल याकडे लक्ष द्या. उलटा अंथरला तर हवा तो थंडावाही मिळत नाही आणि किडीवरचा परिणामही जातो.

लव्हाळा मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि अंधारात तो तसाच टोकदार राहून काळ्या पेपरला भोक पाडून वर येतो. पारदर्शक पेपरखाली उजेड लागताच कोंब पानं उघडतो, टोकाची धार जाते आणि तो पेपरखालीच अडकतो. लव्हाळ्याने भरलेल्या रानात पेपर कितीही जाड घेतला तरी भागत नाही. लागवडीआधी जमिनीतल्या त्याच्या गाठी कमी करणं हाच खरा उपाय. पेपर टोचून आलेला लव्हाळा उपटायला गेलात तर भोक आणखी फाटतं आणि गाठ खालीच राहते, तेव्हा तो पेपरच्या बरोबरीने कापत राहा.

कीड: चंदेरी कुठवर साथ देतो

मावा, पांढरी माशी, फुलकिडे उडत येताना आकाश आणि जमीन यांच्या प्रकाशातल्या फरकावरून उतरण्याची जागा शोधतात. चंदेरी पेपर आकाशासारखाच प्रकाश, अतिनील किरणांसह, खालून वर परतवतो आणि त्यांची दिशा चुकते. विषाणू पसरवणाऱ्या किडींसाठी हे महत्त्वाचं, कारण मिरचीच्या चुरडा-मुरड्यासारख्या रोगात लागण जितकी उशिरा तितकं नुकसान कमी.

पण पानांनी पेपर झाकायला सुरुवात केली की हा परिणाम उतरतो, आणि साधारण ६० टक्के भाग झाकला गेला की जवळपास संपतो. पेपरवर चिखल उडाला, धूळ बसली तरी तेच होतं. त्यामुळे चंदेरी पेपर असूनही दुसऱ्या महिन्यात मावा आला यात पेपरचं अपयश नाही. तेव्हा पाहणी आणि बाकीचे उपाय पुढे न्यायचे असतात. पावसानंतर किंवा मजूर फिरल्यावर माखलेला पेपर धुऊन काढणं मात्र पहिल्या महिन्यात नक्की करावं.

पिवळा आणि निळा रंग घेताना सावध राहा. चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे असतात, ते या रंगांकडे कीड ओढली जाते म्हणूनच. पूर्ण शेतात तो रंग अंथरला तर पाहुण्यांना आमंत्रणच दिल्यासारखं होतं.

लाल पेपरचं काय

अमेरिकेच्या कृषी विभागाचे शास्त्रज्ञ मायकेल कॅस्परबाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून साउथ कॅरोलायनात रंगीत आच्छादनावर जे काम केलं, त्यातून लाल पेपरची ख्याती झाली. शेजारचं हिरवं झाड फार-रेड (लालच्या पलीकडचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे) किरण जास्त परतवतं. झाडातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल आणि फार-रेड यांचं प्रमाण ओळखतं, आणि फार-रेड वाढलं की शेजारी स्पर्धक उभा आहे असं समजून झाड वरच्या वाढीला जास्त जोर लावतं. लाल पेपर हाच संकेत खालून देतो. टोमॅटोत त्याचे चांगले निकाल मिळाले आहेत, पण सगळीकडे सारखे नाहीत. ऊन, जात, लागवडीचा काळ बदलला की फरक कमी-जास्त होतो, आणि मुळं तापलेली किंवा पाण्यात बुडालेली असतील तर पेपरकडून येणाऱ्या या सूक्ष्म संकेताला काहीच किंमत राहत नाही. बेड, पेपरचा ताण आणि पाणी जागेवर असतील तेव्हाच लाल पेपरची परीक्षा घ्यावी.

उभ्या पिकात आत्ता काय करता येईल

काळा पेपर अंथरून झालाय, रोपं करपताहेत, अशा वेळी आधी भोकं मोठी करा, पेपर खोडाला कुठूनही टेकणार नाही इतकी. फाडून नव्हे, धारदार कडेने गोल कापून. चिरलेली टोकं वाऱ्याने खोडावर घासतात. मग प्रत्येक भोकात मूठभर बारीक ओली माती घालून कडा दाबून टाका. गरम हवेची वाट बंद होते आणि खोडाभोवती मातीचा थर येतो. हे केलं की वाढ थांबलेली रोपं आठवड्याभरात नवं पान काढताना दिसतात. नांग्या भरायच्या त्या संध्याकाळी, आणि करपलेल्या रोपाच्या त्याच भोकात माती न घालता नवं रोप लावू नका.

काळ्याच पेपरवर उन्हाळ्यात दुसरं पीक घ्यायचं असेल तर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पातळ करून पेपरवर फवारतात. काही उत्पादक प्रदेशांत ही रुळलेली पद्धत आहे. रंग लागवडीआधी द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. गंधकयुक्त फवारण्या जास्त झाल्या असतील तर आधी पेपरची ताकद तपासा, कारण गंधक पेपरमधल्या अतिनील-संरक्षक घटकांना निकामी करतं आणि पेपर मुदतीआधी ठिसूळ होतो. ठिसूळ झालेला पेपर दुसऱ्या पिकाला ठेवू नये. काढताना त्याचे तुकडे होतात आणि ते मातीत कायमचे राहतात. तो शाबूत असतानाच, बेड थोडा ओला करून, कडा मोकळ्या करून गुंडाळून काढा. शेतात जाळू नका.

आणि पुढच्या वेळी रंग ठरवायचा असेल तर पूर्ण शेत एका रंगाखाली घालू नका. एकाच दिवशी, एकाच जातीची रोपं, सारखंच पाणी, पण दोन-तीन बेडवर वेगळा रंग आणि एक बेड उघडा. शेताच्या कडेचे बेड या तुलनेत धरू नका, तिथे वारा आणि कीड वेगळी असते. प्रत्येक बेडचं दुपारचं आणि पहाटेचं मातीचं तापमान, मेलेल्या रोपांची संख्या आणि पहिल्या तोड्याची तारीख वहीत लिहून ठेवा.